लिमिटेड एडिशन सिंगल माल्ट खरंच वेगळी लागते का? संभाजीनगरातली झाकून केलेली चाचणी

खामकाठ · शनिवार, रात्री ९.४०

लिमिटेड एडिशन व्हिस्कीची बाटली तिच्याच डिस्टिलरीच्या रोजच्या बाटलीशेजारी ठेवायची, पाणी घालून दोन्हींतलं अल्कोहोलचं प्रमाण सारखं करायचं आणि ग्लासात कोणती आहे ते माहीत नसताना प्यायची. एवढं केल्याशिवाय त्या बाटलीबद्दल बोलू नये, अशा मताला मी आलो आहे. आमच्या गटातल्या निम्म्या लोकांना हे पटलेलं नाही, म्हणून हा धागा.

रोजच्या सिंगल माल्ट, म्हणजे एकाच डिस्टिलरीत फक्त माल्ट केलेल्या बार्लीपासून काढलेल्या व्हिस्की, ४० ते ४८ टक्क्यांच्या असतात. स्कॉचला ४० च्या खाली तर कायद्यानं जाताच येत नाही. वर्षातून एकदा निघणाऱ्या बऱ्याच बाटल्या मात्र कास्क स्ट्रेंथच्या, म्हणजे पिंपातून निघाली तशी भरलेली, ५५ ते ६० टक्क्यांची. अल्कोहोल वाढलं की जिभेवर जाडपणा वाढतो, गोडी वाढते, चव जास्त वेळ रेंगाळते. अशा दोन बाटल्या शेजारी ठेवल्या की लिमिटेडवाली जिंकणार हे आधीच ठरलेलं. वर डब्यावर चित्र, आकडा, गोष्ट. मग कोण हरवणार तिला?

तर डिसेंबरात वेरूळ रस्त्याला एका मित्राच्या शेतघरी बसलो. डिसेंबर मुद्दाम. मे महिन्यात आपल्याकडे रात्रीसुद्धा खोलीत ३५ अंश असतात. ग्लास नाकाशी नेला की स्पिरिट भसकन आत जातं आणि बाकीचे वास मागेच राहतात. अठरा-वीस अंशांची खोली आपल्याला थंडीतच फुकट मिळते.

मेडिकलमधून १० मिलीची सिरिंज आणली. हिशोब असा: ५६.५ टक्क्यांची ३० मिली व्हिस्की ४३ वर आणायची, तर ३० ला ५६.५ ने गुणा, ४३ ने भागा. ३९.४ आले. म्हणजे साडेनऊ मिलीच्या आसपास पाणी घाला. पाणी बाटलीबंद घ्या. आमच्याकडच्या बोअरच्या पाण्यात साबणाला फेस येत नाही, तिथं व्हिस्कीची काय कथा. ग्लासांना बाहेरून काळी टेप गुंडाळली होती, कारण रंग बघून माणूस चव ठरवून मोकळा होतो, आणि स्कॉचमध्ये रंगासाठी कॅरॅमल घालायला परवानगी आहे. प्रत्येकापुढे तीन ग्लास: दोनांत एकच व्हिस्की, तिसऱ्यात दुसरी. आधी फक्त वेगळा ग्लास ओळखायचा, आवडनिवड नंतर. ओतणारा भिडू स्वतः पीत नव्हता. रात्री सगळ्यांना घरी त्यानंच सोडलं.

पहिली जोडी लाफ्रॉइगची. (ही आणि पुढच्या लागावूलिन, आर्डबेग या तिन्ही स्कॉटलंडच्या आयला बेटावरच्या डिस्टिलरी.) रोजची क्वार्टर कास्क, ४८ टक्के, आणि कार्चस २०१७, ५७.२ टक्के. कार्चस ही ‘फ्रेंड्स ऑफ लाफ्रॉइग’ या त्यांच्या चाहत्यांसाठी निघणारी वार्षिक बाटली. २०१७ ची मुळात क्वार्टर कास्कच आहे, फक्त कास्क स्ट्रेंथची. आमच्या प्रश्नाला याहून नेमकी बाटली सापडणार नाही. पाणी न घालता दिली तेव्हा सगळ्यांनी कार्चसला डोक्यावर घेतलं. सहा मिलीच्या जरा आत पाणी घालून तिला ४८ वर आणली आणि तीन ग्लासांचा खेळ मांडला, तर उत्तरं अशी आली की चिठ्ठ्या उचलल्या असत्या तरी चाललं असतं.

लागावूलिनच्या वेळी उलट झालं. एकीकडे १६ वर्षांची, ४३ टक्के. दुसरीकडे २०२१ च्या स्पेशल रिलीजमधली १२ वर्षांची, ५६.५ टक्के, डब्यावर सिंह. ही १२ वर्षांची रिफिल अमेरिकन ओक पिंपांतली, म्हणजे ज्यांत आधी व्हिस्की मुरवून झाली आहे अशा पिंपांतली. तिथं लाकूड गप्प राहतं आणि डिस्टिलरीचा मूळ स्वभाव पुढे येतो. ४३ वर आणल्यावरही वेगळा ग्लास जवळपास सगळ्यांनी अचूक दाखवला. १२ मध्ये लिंबाची साल, राख, खारट हवा, शेवटी कोरडा धूर. १६ मध्ये मनुका, कडक कोरा चहा, जुन्या कपाटाचं लाकूड आणि मऊ धूर. आवडली कोणती म्हणाल, तर बहुतेकांना १६. मलाही. म्हणजे दुकानात बारा महिने मिळते ती.

आर्डबेगची जोडी माझ्या मते सगळ्यांत शिकण्यासारखी. रोजची आर्डबेग १० आणि २०२३ च्या आर्डबेग डेची, म्हणजे त्यांच्या वार्षिक सोहळ्याची, हेवी व्हेपर्स. दोन्ही ४६ टक्के, सिरिंज बाजूला. (कमिटीसाठी, म्हणजे आर्डबेगच्या चाहत्यांच्या क्लबसाठी, काढलेली हेवी व्हेपर्स ५०.२ ची होती. तुलनेला ती घेऊ नका.) आर्डबेगच्या स्पिरिट स्टिलला, म्हणजे दारू शेवटची उकळतात त्या हंड्याला, वर प्युरिफायर बसवलेला आहे. वाफ पुढे जाताना तिच्यातला जड भाग तिथं थंडावतो, परत हंड्यात उतरतो आणि पुन्हा उकळतो. म्हणून एवढा धूर असूनही आर्डबेग १० मध्ये लिंबाचा हलकेपणा टिकून राहतो. हेवी व्हेपर्स काढताना प्युरिफायर वापरला नाही. जड वाफ सगळी पुढे गेली. फरक पहिल्याच घोटाला: डांबर, कडवटपणा, तेलकट जाडी, आणि फळं कुठे गेली कळत नाही. मला ती आवडली नाही, दुसऱ्या ग्लासाला कंटाळा येतो. तरी लिमिटेड म्हणून पैसे मोजायचेच असतील तर असल्या बाटलीला मोजावेत. इथं स्टिलमध्ये काही बदललंय. हे आपल्याला घरी सिरिंजनं करता येत नाही.

शेवटी ग्लेनमॉरंजी: ओरिजिनल, जुनी १० वर्षांची, ४० टक्के, आणि टेल ऑफ केक, ४६ टक्के, टोकाय या हंगेरियन गोड वाइनच्या पिंपांत मुरलेली. ४० वर आणूनही मध आणि अननस लपत नाहीत. छान आहे. दुप्पट पैशांची नाही.

तुम्ही कोणती लिमिटेड प्यायला असाल तर शंभरपैकी मार्क लिहू नका. शेजारी काय ठेवलं होतं ते लिहा.


मांजरापार · शनिवार, रात्री १०.०५

मालक, वाचून घसा कोरडा पडला बगा. पर एक सांगा, डिसेंबरात शेतावर बसलाव आन हुरड्याचं नावच न्हाई? आमच्याकडं आगटी पेटल्याबिगर बाटलीचं बूच निघत न्हाई. त्या लाफ्रॉइगला आन आगटीच्या धुराला चांगली सोयरीक जमंल की.


खामकाठ · शनिवार, रात्री १०.२०

हुरडा होता हो मांजरापार, पण व्हिस्की संपल्यावर. आगटीजवळ तास-दोन तास बसलं की नाक धुराला सरावतं आणि मग ग्लासातला धूर कमी जाणवतो. आयलाच्या या व्हिस्कीत मुख्य गंमत धुराचीच. माल्ट, म्हणजे मोड आलेली बार्ली, वाळवताना पीटचा, म्हणजे दलदलीतल्या कुजलेल्या वनस्पतींच्या मातीचा, धूर देतात, त्यातले फिनॉल, म्हणजे धुरकट वासाचे रेणू, बार्लीला चिकटतात. आर्डबेगच्या माल्टमध्ये ते साधारण ५५ पीपीएम (दहा लाख भागांत ५५), लागावूलिनमध्ये ३५ च्या आसपास. गोवऱ्यांच्या धुरात बसून हा फरक कुणाला कळणार? आणि लसणाची चटणी तर त्या दिवशी घरातच येऊ दिली नव्हती. आधी व्हिस्की, मग खुशाल आगटी पेटवा.


बालाघाटी · शनिवार, रात्री १०.५२

धागा उत्तम, निष्कर्षाशी असहमत. बनवणाऱ्यानं ५७ टक्क्यांवर भरली, ती काही विचारानं भरली असेल. तुम्ही तिला ओढून ४८ वर आणता आणि म्हणता, बघा, फरक नाही. जो फरक होता तो तुम्हीच पाण्यात घातला.

दुसरं, पाण्यानं फक्त तीव्रता कमी होत नाही. २०१७ मध्ये स्वीडनमधल्या दोन संशोधकांनी संगणकावर दाखवलं होतं की ग्वायाकॉल, म्हणजे धुराची चव देणाऱ्यांपैकी एक रेणू, अल्कोहोल ४५ टक्क्यांपर्यंत असेल तर द्रवाच्या पृष्ठभागाकडे राहतो, आणि ५९ च्या वर गेलं की आत दडतो. म्हणजे ४३ वरची लागावूलिन आणि ५६.५ वरची लागावूलिन नाकाला वेगळ्याच दिसणार. तुमचा निकाल हा ४३ टक्क्यांपुरता निकाल आहे. त्याला बाटलीचा निकाल म्हणू नका.


खामकाठ · शनिवार, रात्री ११.१०

ग्वायाकॉलचा मुद्दा मान्य. पण त्यातून माझीच बाजू भक्कम होते. प्रमाण बदललं की नाकाला मिळणारी व्हिस्कीच बदलते, मग ४३ आणि ५६.५ समोरासमोर ठेवून ‘ही श्रेष्ठ’ म्हणण्यात काय अर्थ? एकाच उंचीवर उभं करूनच मोजावं लागेल. तुम्ही दोन्ही ४८ वर आणून बघा, ४५ वर आणा, माझी ना नाही. ४३ घेतलं कारण १६ वर्षांची तेवढ्याचीच येते. पाणी काढता येत नाही.

पाणी न घालता पिणाऱ्याशी माझं भांडण नाही. भांडण ‘लिमिटेड आहे म्हणून भारी’ या वाक्याशी आहे.


एकदशांश · शनिवार, रात्री ११.३४

भांडू नका, हिशोब करा. कार्चसची ७०० मिली बाटली ५७.२ टक्क्यांची. ती ४८ वर आणली तर ७०० गुणिले ५७.२ भागिले ४८, ढोबळ मानानं ८३४ मिली होते. म्हणजे क्वार्टर कास्कपेक्षा १३४ मिली जास्त माल. थोडक्यात, कार्चस १९ टक्के महाग असेल तर बरोबरी झाली. त्याच्या वरचे पैसे डब्याचे. बालाघाटींना तीव्रता हवी, ती त्यांना मिळाली. खामकाठांना चव हवी, ती त्यांच्याकडे आधीच होती.

हे सूत्र फक्त सारखीच व्हिस्की वेगवेगळ्या टक्क्यांवर असेल तेव्हा. लागावूलिनला लावू नका, तिथं पिंपच वेगळं आहे.


मोसंबी · रविवार, सकाळी ८.१५

मी त्या शेतघरी होते. लाफ्रॉइगचा वेगळा ग्लास मी बरोबर सांगितला होता, ते दादांनी सोयीस्करपणे गाळलंय. वासानं नाही कळला. गिळल्यावर जिभेच्या कडांना जो चरचरीत कोरडेपणा राहतो, तो एका ग्लासात जास्त होता. दोन्ही एकाच पद्धतीच्या असल्या तरी पिंपं तीच नसतात ना. शिवाय क्वार्टर कास्कची बाटली अर्धी रिकामी होती आणि कार्चस त्याच दिवशी उघडलेली. अर्ध्या बाटलीत हवा शिरून चव मवाळ होते, त्याचं काय?

आणि टेल ऑफ केकला एका ओळीत उडवून लावलंत! ज्यांना धूर सोसत नाही अशा आम्हा दोघींना त्या रात्री तीच एक व्हिस्की मनापासून आवडली. सगळी तपासणी आयलावाल्यांच्या नाकानं करायची आणि मग म्हणायचं, दुप्पट पैशांची नाही.


खामकाठ · रविवार, सकाळी ९.०२

ताई, तीन ग्लासांत डोळे मिटून बोट ठेवलं तरी तिघांपैकी एकाचं बरोबर येतं. तुमचं तसं होतं असं नाही म्हणत. पुन्हा बसू, तेव्हा तुम्हाला एकामागून एक ओळीनं देऊ. दर वेळी बरोबर आलात तर तुमची जीभ मान्य. उघड्या बाटलीचा मुद्दा मात्र खरा आहे. पुढच्या वेळी दोन्ही बाटल्या एकाच दिवशी उघडायच्या.

केकबद्दल माझं मत बदललेलं नाही.


ज्वारीची_भाकर · रविवार, दुपारी १२.४०

परभणीकर बोलतोय, म्हणून उन्हाबद्दल माझा अधिकार समजा. तुम्ही लोक २०१७ ची बाटली आत्ता उघडता, तोवर ती ठेवता कुठे? आमच्याकडे एका पाहुण्यांनी पत्र्याच्या खोलीतल्या माळ्यावर ठेवल्या होत्या. दोन उन्हाळ्यांत पातळी खांद्याच्या खाली, आणि बूच काढायला गेलं तर निम्मं हातात, निम्मं आत.

बाटली उभीच ठेवा. वाइनसारखी आडवी ठेवलीत तर एवढं तेज अल्कोहोल बुचाला खाऊन टाकतं. उन्हापासून लांब, घरातल्या सगळ्यांत थंड भिंतीच्या कपाटात, डब्यासकट. मध्येच कधीतरी क्षणभर तिरकी करून बूच ओलं करायचं, की कोरडं पडून तडकत नाही. बुचाचा चुरा पडलाच तर कॉफीच्या फिल्टर कागदातून किंवा धुवून वाळवलेल्या मलमलीतून गाळून घ्या, व्हिस्कीला काही होत नाही. फ्रिजमध्ये ठेवायची गरज नाही. ठेवलीच तर प्यायच्या आधी बाहेर काढून बसा, गार व्हिस्कीला वास नसतो.


सरळसोट · रविवार, दुपारी १.०५

एवढ्या पैशांत आमच्या गावात खोंड येतं. चालू द्या.


तेरणाथडी · रविवार, दुपारी ३.२०

खोंडाचं राहू द्या. मला वेगळंच विचारायचंय. स्कॉटलंडच्या मागे धावता, आपल्याकडच्या सिंगल माल्टना का नाही बसवत या चाचणीत? बंगळूरूच्या अमृतनं २००४ मध्ये आपली सिंगल माल्ट ग्लासगोत जाऊन बाजारात आणली, म्हणजे सरळ त्यांच्या अंगणात. आणि ज्वारीचं काय? कोठार भरून ज्वारी आपल्याकडे, तिची का नाही होत?


गोदावरीथडी · रविवार, सायंकाळी ५.४८

ज्वारीची दारू होते की, पण तिला सिंगल माल्ट म्हणता येत नाही. सिंगल माल्ट स्कॉच म्हणजे एकाच डिस्टिलरीत, फक्त माल्ट केलेल्या बार्लीपासून, पॉट स्टिलमध्ये काढलेली आणि स्कॉटलंडमध्येच ७०० लिटरपेक्षा मोठं नसलेल्या ओकच्या पिंपात किमान ३ वर्षं मुरलेली. आणि आपल्या भागातल्या उसाच्या मळीपासून जी स्वस्त ‘व्हिस्की’ होते, तिला युरोपात व्हिस्की म्हणून विकताच येत नाही.

अमृतची फ्यूजन ५० टक्क्यांची, त्यात थोडी बार्ली स्कॉटलंडहून आणलेली, पीटचा धूर दिलेली. चाचणीला जरूर घ्या. पण वय बघून तुलना करू नका. स्कॉटलंडमध्ये पिंपातून वर्षाला साधारण २ टक्के उडून जातं. बंगळूरूत १० टक्क्यांच्या वर. तिथली पाच वर्षं म्हणजे पिंपाचं केवढं काम झालं बघा. परभणीत कुणी पिंप ठेवलं तर आणखीच पंचाईत: स्कॉटलंडच्या दमट गोदामात मुरताना टक्के हळूहळू उतरतात, आपल्या कोरड्या उन्हाळ्यात अल्कोहोलपेक्षा पाणी जास्त उडून ते उलटे चढतील.

आता विकत घेण्याबद्दल. नोव्हेंबर २०२१ मध्ये राज्यानं आयात स्कॉचवरचं उत्पादन शुल्क ३०० वरून १५० टक्क्यांवर आणलं, तेव्हापासून नेहमीच्या बाटल्या तरी माणसात आल्या. केंद्राचं आयात शुल्क वेगळं, तेही २०२५ मध्ये १५० टक्के होतं. जुलै २०२५ मध्ये ब्रिटनशी झालेल्या करारात ते आधी ७५ वर आणि १० वर्षांत ४० वर आणायचं ठरलंय. खऱ्या लिमिटेड बाटल्या मात्र नांदेडच्या काय, संभाजीनगरच्या दुकानातही क्वचितच. बाहेरून येणारा पाहुणा हाच मार्ग, माणशी २ लिटर.

सोशल मीडियावर ‘दुर्मीळ बाटली, एकच शिल्लक’ असं दिसलं तर हात आवरा. २०१८ मध्ये स्कॉटलंडच्या एका संशोधन केंद्रानं रेडिओकार्बन पद्धतीनं ५५ दुर्मीळ बाटल्या तपासल्या, त्यांतल्या २१ खोट्या किंवा लेबलवर सांगितलेल्या सालाच्या नसलेल्या निघाल्या. ही लिलावात फिरणाऱ्या मालाची गत. आणि आपली रिकामी बाटली डब्यासकट भंगारात देऊ नका. लेबल फाडा, बूच वेगळं टाका. रिकाम्या बाटल्यांनाही गिऱ्हाईक आहे, आणि ते फुलदाणीसाठी घेत नाहीत.


मांजरापार · रविवार, रात्री ८.३०

गोदावरीथडी, माझ्या मेव्हण्यानं मागल्या साली असलीच ‘एकच शिल्लक’ घेतली. वास घेतला तर नेलपॉलिश. आता ती शोकेसात हाय, पाव्हन्याला दुरून दाखवायला.


बालाघाटी · रविवार, रात्री ९.१२

खामकाठ, माझ्याकडे स्कॉटलंडच्याच स्प्रिंगबँक डिस्टिलरीची लोकल बार्ली ही लिमिटेड बाटली आहे, अजून न उघडलेली. १० वर्षांची रोजची, ४६ टक्क्यांची, कुणाकडे असेल तर तुमच्या पद्धतीनं बसायला मी तयार आहे. बघू, सारख्या टक्क्यांवर आणूनही जवळच्या शेतातली बार्ली बोलते की नाही.


खामकाठ · रविवार, रात्री ९.४५

१० वर्षांची माझ्याकडे आहे. पण या जोडीतून बार्लीबद्दल काही सिद्ध होणार नाही, हे आधीच सांगतो. स्प्रिंगबँक आपलं सगळं माल्ट स्वतःच जमिनीवर पसरून, फावड्यानं उलटून करते, रोजच्या बाटलीचंही. त्यामुळे तिथं फरक नाही. लोकल बार्लीत बार्ली वेगळी, वय वेगळं, पिंपंही वेगळी निवडलेली. तिन्ही एकदम बदलल्यावर चव कुठून आली ते कसं सांगणार? हेवी व्हेपर्समध्ये ते बऱ्यापैकी सांगता येतं, इथं नाही.

तरी बाटली घेऊन याच. संक्रांतीनंतरचा शनिवार ठेवू, मोसंबीताईंची लाफ्रॉइगची फेरपरीक्षाही त्याच दिवशी. गाडी चालवणारा भिडू अजून ठरायचा आहे.


मांजरापार · रविवार, रात्री ९.५१

म्या चालवतो. बायकोची शपथ हाय, जानेवारीभर थेंब न्हाई. फकस्त ग्लास वास घ्यायला द्या.